वधूपित्याचे चार शब्द

बोलणी इतकी सुरळीत चालली होती की भगवान गमरे यांना धडकी भरू लागली होती. नेरुळच्या त्या नव्या वसाहतीतल्या त्यांच्या एका खोलीत मुलाकडची माणसं बसली होती. पोहे झाले, चहा झाला. मुलगा नंदकुमार कळंबोलीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग क्लार्क होता. त्याला आणि वैशालीला बोलण्यासाठी गॅलरीत पाठवलं होतं. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांपलीकडून एकदा हसण्याचा आवाज आला. तेही चांगलंच चिन्ह. मग दोघं आत आले आणि नंदकुमार वडिलांच्या कानाशी लागला.

मुलाचे वडील सिताराम तांबे कळंबोलीच्या नव्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला होते. मुलाचं कानातलं बोलणं ऐकून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"आमी हुंडा घेत नाय," ते म्हणाले. "मानपान नाय, भांडी नाय, घड्याळ नाय." मग ते थांबले. "फक्त एक गोष्ट हाय."

भगवानची बायको गिरजाबाई यांनी हातातला ट्रे घट्ट धरला. त्या काळात 'फक्त एक गोष्ट' म्हणजे स्कूटर असायची.

"लग्नात मांडवात मुलीच्या वडलांनी चार शब्द बोलावे. माईकवरून," सितारामनी पाठ केल्यासारखं सांगितलं आणि थंड झालेला चहा संपवला.

भगवाननी उजव्या हाताचा अंगठा वर केला.

इथेच घोटाळा झाला. भगवान तुर्भ्याच्या एका कारखान्यात कंप्रेसर रूममध्ये ऑपरेटर होते. तिथे मशीन सुरू असताना शेजारच्या माणसाने कानात ओरडलेलं कळत नाही, म्हणून सगळे हातांनी बोलतात. गालाला बोट लावलं म्हणजे चहा. पालथा पंजा हळूहळू खाली नेला म्हणजे दाब कमी कर. तर्जनी हवेत गोल फिरवली म्हणजे चालू राहू दे. आणि अंगठा वर केला म्हणजे तुझं म्हणणं पोचलं. एवढंच. मान्य आहे असा त्याचा अर्थ नाही. पण हे कंप्रेसर रूमच्या आत. नेरुळच्या त्या खोलीत मात्र सगळ्यांनी एकमेकांकडे हसून पाहिलं, गिरजाबाईंनी साखरेचा डबा काढला आणि लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर भगवान भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "स्कूटरच मागायला पायजे होती त्यांनी."

"मग नाय म्हनायचं होतं तिथंच," गिरजाबाई म्हणाल्या. "ते हातवारे कशाला केले? पंचवीस वर्षं सांगते, काय ते तोंडानं सांगत जा. मला नाय कळत ते तुमचं मशीनवरचं."

ते असंच होतं. माणूस भांडखोर नव्हता, घुमा नव्हता, पण सगळी पाळी आवाजात काढून घरी आल्यावर शब्द म्हणून काही उरायचेच नाहीत. आणि माईक म्हणजे तर विचारायलाच नको. एकदा कारखान्याच्या सत्यनारायणाला 'हॅलो' म्हणून बघ असं कोणी तरी म्हणालं, तर त्यांनी माईकला नमस्कार केला होता.

पण आता शब्द दिला गेला होता. हुंडा नको म्हणणाऱ्या माणसांनी एकच मागणं मागितलं होतं, आणि तेवढंही झालं नाही तर पोरगी सासरी कोणत्या तोंडाने जाणार, हा विचार भगवानना झोपू देईना. वैशालीला त्यांनी विचारलं, ते चार शब्दांचं रद्द नाही का होणार? तिने मान खाली घालून भांडी विसळायला घेतली.

तेव्हा पोपटरावांना बोलावण्यात आलं.

पोपटराव हे गिरजाबाईंचे सख्खे भाऊ आणि वाशीपासून पनवेलपर्यंतच्या समाजातले लग्नातले वक्ते. समाजातली लग्नं मुहूर्त पाहून लागत नसत. कारखान्यांना सुट्टी असते म्हणून ती रविवारी लागत. मे महिन्यातल्या एकेका रविवारी पोपटराव तीन-तीन मांडवांत बोलत. तयारीचा त्यांना तिटकारा होता.

"तयारी करून बोलायला मी काय नापास झालेलं पोरगं हाय का, दाजी?" ते म्हणाले. "मी उभा ऱ्हायलो की शब्द आपसूक येतात. पन तुमची गोष्ट वेगळी. तुमाला मी सांगतो ते पाठ करा."

त्यांनी डोळे मिटले आणि शब्द आपसूक आले. वैशालीने ते लिहून घेतले. संसार हा एक रथ आहे. नवरा हे त्याचं एक चाक आणि बायको हे दुसरं. विश्वास हे त्याचं वंगण. काळजाचा तुकडा, दोन घरांचा पूल, आणि शेवटी, 'आज या मंगल प्रसंगी माझा कंठ दाटून येत आहे.'

"इथं जरा थांबायचं," पोपटरावांनी बजावलं. "रुमाल डोळ्याला लावायचा. मग पानी मागायचं."

"मामा, हे आबा बोलतायत असं वाटत नाही," वैशाली म्हणाली.

"नाय वाटनार. तोच तर फायदा."

भगवाननी पाठांतर सुरू केलं. ते कंप्रेसर रूममध्येच करणं सोपं होतं, कारण तिथे कोणालाच काही ऐकू येत नसे. मशीनचा आवाज चढला की भगवानही मोकळ्या गळ्याने 'संसार हा एक रथ आहे' म्हणून सुरू करायचे, आणि शेवटच्या रुमालापर्यंत एकही शब्द चुकायचा नाही. पंधरा दिवसांत त्यांचा हात आपोआप उंच जाऊ लागला. काचेपलीकडून हे फोरमन श्यामसुंदर साहेबांनी पाहिलं. गेली कित्येक वर्षं तोंड न उघडलेला ऑपरेटर मूठ वळून भाषण करतोय, याचा त्यांनी एकच अर्थ काढला.

"युनियनमध्ये उभे राहताय काय, गमरे?" त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं.

"मुलीचं लग्न हाय," भगवान म्हणाले.

साहेबांना ते पटलं नाही. लग्नासाठी कोणी मूठ वळत नाही. पत्रिका मागून घेऊन त्यांनी जातीने येण्याचं कबूल केलं.

खरी अडचण घरी कळली. शांत खोलीत भगवान उभे राहिले, 'संसार हा' म्हणाले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. गिरजाबाईंनी भाकऱ्यांसाठी पंपाचा स्टोव्ह पेटवला आणि त्याची घरघर सुरू होताच भगवान विश्वासाच्या वंगणापर्यंत न अडखळता गेले. स्टोव्ह बंद केला, भाषण बंद पडलं. आता दुखणं कळलं होतं, त्यामुळे उपायही सोपा होता. लग्नाच्या मांडवात आवाज हवा.

मांडववाल्याला जनरेटर सांगितला गेला. तो म्हणाला, दुपारचं लग्न आहे, वसाहतीत लाइट जात नाही, जनरेटर कशाला? आणि हवाच असेल तर दूर मैदानाच्या टोकाला ठेवू. भगवाननी नाही अशी मान हलवली आणि बोट दाखवलं. स्टेजच्या मागे. अगदी पाठीशी.

लग्नाचा रविवार उजाडला. चार सारख्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव पडला. स्टेजवर दोन तसबिरी, हार, मेणबत्त्या. मागे जनरेटर धडधडत होता आणि त्याच्या आवाजात भगवान पांढऱ्या शर्टात, मनातल्या मनात रथ हाकत, बरेच निर्धास्त उभे होते. श्यामसुंदर साहेब पहिल्या रांगेत येऊन बसले. लग्न लावायला आलेले बौद्धाचार्य गोटीराम मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते; त्यांना इथून तुर्भ्याला दुसरं लग्न लावायचं होतं.

सगळे होते. फक्त नवरदेव नव्हता.

कळंबोलीहून सायकलवर एकजण निरोप घेऊन आला. नंदकुमारच्या मालकाने वऱ्हाडासाठी ट्रक दिला होता, पण तो रात्री लोखंडी सळया भरून आलेला निघाला. रविवारी हमाल नाहीत, त्यामुळे सळया वऱ्हाडानेच उतरवल्या. मग ट्रक सुरू झाला आणि खाडीच्या अलीकडे बंद पडला. डिझेलमध्ये हवा शिरतेय, असं ड्रायव्हरचं म्हणणं. धक्का मारला की सुरू होतो, पण मनात आलं की थांबतो.

"मी तुर्भ्याला जाऊन येतो," आचार्य म्हणाले. "तिकडचं लावून परत येतो."

ते गेले की संध्याकाळपर्यंत हाती लागत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गिरजाबाईंनी भावाकडे पाहिलं. आचार्यांना उठू द्यायचं नसेल तर कोणी तरी बोलत राहायला हवं. भाषण चालू असताना मांडवातून उठून जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. पोपटरावांनी उपरणं सावरलं आणि माईक हातात घेतला.

सकाळीच ते ऐरोलीला एका लग्नात बोलून आले होते, त्यामुळे गळा तापलेला होता. त्यांनी समाजाच्या प्रगतीवर बोलून घेतलं, शिक्षणावर बोलून घेतलं, नेरुळच्या पाण्यावर बोलून घेतलं. ट्रक आला नाही. आचार्यांनी घड्याळ पाहिलं. तेव्हा पोपटराव मूळ विषयाकडे वळले.

"संसार हा एक रथ आहे," ते म्हणाले.

स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या भगवानना आधी वाटलं, आपणच मनात म्हणालो. मग चाकं आली. मग वंगण आलं. भगवाननी दोन्ही हात हलवून खुणा केल्या, पण पोपटरावांना त्या खुणा कळत नव्हत्या. त्यांना वाटलं, दाजी खूश आहेत. खरी गोष्ट अशी होती की पोपटरावांकडे लग्नाचं भाषण एकच होतं. पंधरा वर्षं ते आपसूक येणारे शब्द म्हणजे तेच शब्द होते, आणि मेहुण्याला त्यांनी प्रेमाने आपली सगळी दौलत दिली होती. आज बोलण्याच्या भरात ती परत घेतली. कंठ दाटून आला, रुमाल डोळ्याला लागला, पाणी मागितलं गेलं. तरीही ट्रक आला नाही. तेव्हा पाणी पिऊन, उशिरा आलेल्या मंडळींसाठी म्हणून, पोपटरावांनी रथ पुन्हा पहिल्यापासून हाकला.

दुसरा कंठ दाटत असताना ट्रक आला. म्हणजे आणला गेला. पुढे ड्रायव्हर, मागे सगळं वऱ्हाड ढकलत होतं, आणि ढकलणाऱ्यांत पांढऱ्या सफारीतला नवरदेव होता. सफारीवर गंजाचे पंजे उमटले होते. सिताराम तांबे सगळ्यांत शेवटी, धापा टाकत आले.

आचार्यांनी लगेच ताबा घेतला. नवरा-नवरीला स्टेजवर बसवलं, मेणबत्त्या पेटवल्या. मग मागे वळून म्हणाले, "तो जनरेटर बंद करा. पंचशील कोणाला ऐकू जाणार? आणि उशीर झालाय, भाषणं नकोत आता."

जनरेटर बंद झाला. भगवानच्या कानांत ते ओळखीचं पोकळ सूं सूं सुरू झालं. पण त्याचं वाईट वाटायच्या आत त्यांना दुसरी गोष्ट उमगली. भाषणं नकोत. आचार्यच म्हणाले. आता कोणी भगवान गमरेला बोल लावू शकत नव्हतं. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते चक्क हसले.

सिताराम अवघडून पुढे आले. "तेवढं ठरलं होतं," ते पुटपुटले, "पन आचार्य म्हनतायत तर आपला काय आग्रह नाय." आग्रह नसल्याचा त्यांना आनंदच झालेला दिसत होता.

भगवाननी सुटकेने स्टेजकडे पाहिलं आणि त्यांना वैशाली दिसली. ती काही बोलली नाही. तिने फक्त मान खाली घातली, त्या दिवशी भांडी विसळताना घातली होती तशी. पोरीची मान खाली गेलेली भगवाननी फार वेळा पाहिली नव्हती.

"दोन मिनिटं," ते आचार्यांना म्हणाले आणि स्टेजवर चढले.

माईक समोर होता. गमरे बोलणार हे कोणालाच खरं वाटत नव्हतं. भगवाननी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं होतं तेच बाहेर आलं.

"संसार हा एक रथ आहे."

"आणि त्याला दोन चाकं हायत," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

मुलीकडचे लोक हसले. भगवान नेटाने पुढे म्हणाले, "नवरा हे एक चाक..."

"बायको हे दुसरं," बायकांच्या रांगेने सांगितलं. वंगणाला तर अख्ख्या मांडवाने साथ दिली. मुलाकडच्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. मुलीच्या बापाला त्याचीच माणसं का हसतायत, हे त्यांना कळेना, आणि सितारामांचा चेहरा पडला. पोपटरावांना आत्ता कुठे उमजलं. त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं.

भगवान थांबले. पुढे रथ नव्हता, मागे जनरेटर नव्हता. डोक्यात एक शब्द नव्हता. हातांनी मात्र माईकची दांडी घट्ट धरली होती. त्यांनी पाय मागे घेतला आणि त्याच क्षणी बाजूला बसलेल्या वैशालीचा हात दिसला. पांढऱ्या साडीच्या पदराजवळ तिने पंजा पालथा धरला आणि हळूहळू खाली नेला.

भगवाननी श्वास सोडला. सवयीने अंगठा वर केला.

"काय सांगत्ये ती हातानी?" समोरून प्रश्न आला. विचारणाऱ्या वेणूबाई म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या. कानाने कमी ऐकायच्या, त्यामुळे डोळ्यांनी सगळं टिपायच्या.

कोणी सरळ विचारलं की भगवान सरळ उत्तर देत. "ती म्हनते, दाब कमी कर."

"कसला दाब?"

"कंप्रेसरचा," भगवान म्हणाले. आणि एवढ्याने आत्याबाईंना कळणार नाही म्हणून पुढे सांगू लागले. "मी कंप्रेसरवर असतो. तिथं आवाजात तोंडाचा उपेग नाय. हातानी बोलतो आमी. घरी आलो तरी हातच चालतात. हिची आई म्हनायची, तोंडानं सांगा, मला नाय कळत. पन हिला कळायचं. ही चालायला लागायच्या आधी हिला ठाऊक, गालाला बोट लावलं की चहा. ही आईला ओरडून सांगायची, आबांना चा. मगच मला चहा मिळायचा."

कोणीतरी हसलं, पण हे हसणं वेगळं होतं. भगवानना ते जाणवलं.

"मग?" वेणूबाईंनी विचारलं.

"मग ही शाळेत गेली. एकदा बाईंनी मला बोलावलं. म्हनाल्या, तुमची मुलगी उत्तर देत नाय, प्रश्न विचारला की नुसता अंगठा वर करते. घरात कोन बोलत नाय का तिच्याशी?"

"तुमी काय म्हनालात?"

भगवाननी अंगठा वर करून दाखवला. मांडव खदखदून हसला. श्यामसुंदर साहेबांनी मांडीवर थाप मारली. "बाईंनी मला पन वर्गाबाहेर काढलं," भगवान म्हणाले.

आता त्यांचे हात माईकच्या दांडीवरून सुटले होते आणि बोलण्याबरोबर चालत होते.

"त्या दिवसापासनं हिनं ठरवलं, आबांशी तोंडानं बोलायचं. रोज संध्याकाळी मी हातपाय धुऊन बसलो की ही समोर. कोन कोनाशी भांडलं, बाईंची साडी कुटली, टायपिंगच्या क्लासात कोनाची रिबन तुटली. माझ्या कानात अजून मशीन चालू असायची. खरं सांगतो, निम्मं ऐकू यायचं नाय. मी नुसतं बोट फिरवायचो." त्यांनी तर्जनी हवेत गोल फिरवली.

"त्याचा अर्थ काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"चालू राहू दे."

वेणूबाईंनी स्वतःचं बोट तसंच फिरवून पाहिलं.

"एवढी वर्षं ती बोलली आनि मी बोट फिरवलं. उद्या संध्याकाळी मी घरी येनार. तुमाला वाटंल, आवाजातल्या मानसाला शांत घर बरं. या आमच्या साहेबांना विचारा. मशीन चालू असते तेव्हा कानाला काय होत नाय. बंद पडते तेव्हा कळतं." श्यामसुंदर साहेब खाली बघत मान हलवत होते. "नंदकुमार, तुमाला एकच सांगतो. ही बोलते तेव्हा ऐका. आनि ही गप झाली तर हिच्या हाताकडं बघा."

हे झालं आणि भगवान उतरणार होते. पण समोर आचार्य गोटीराम उभे होते. तुर्भ्याहून त्यांना न्यायला आलेली दोन माणसंही मागे खुर्च्या ओढून बसली होती. आचार्यांनी घड्याळाचा हात खाली घेतला होता आणि दुसऱ्या हाताची तर्जनी उचलून ते नुकतीच शिकलेली खूण करत होते. चालू राहू दे.

कंप्रेसर रूममध्ये ही खूण मिळाल्यावर मशीन बंद करत नाहीत. भगवान नियमाने वागणारे होते. त्यांनी गालगुंडांची साथ सांगितली, एलिफंटाची सहल सांगितली, वैशालीने टाइप केलेलं पहिलं पत्र कोणाला होतं ते सांगितलं. ते कारखान्याला होतं, आबांना मोठा पंखा द्या म्हणून. श्यामसुंदर साहेबांनी मान खाली घातली. पंखा अजून आलेला नव्हता. भगवान आता माईक सोडण्याच्या बेतात नव्हते. शेवटी वैशालीनेच मूठ वळून उजवीकडे फिरवली. व्हॉल्व्ह बंद. भगवान वाक्याच्या मध्यावर थांबले आणि खाली आले.

मग रीतीप्रमाणे मुलाच्या वडिलांना पाचारण झालं. सिताराम माईकसमोर आले. खिशातून एक कागद काढला, त्याकडे पाहिलं, परत खिशात ठेवला. मग त्यांनी सगळ्या मांडवाला अंगठा दाखवला आणि जाऊन बसले. टाळ्या थांबेनात.

लग्न लागलं. पंक्तीत पोपटराव भगवानशेजारी येऊन बसले. बराच वेळ ते भात कालवत राहिले. मग हळूच म्हणाले, "दाजी, पुढच्या रविवारी बेलापूरला एक लग्न हाय. ते हाताचं मी बोललो तर चालंल?"

"तुमी कुटं कंप्रेसरवर हाय?"

"ते कोन विचारतंय," पोपटराव म्हणाले आणि त्यांनी गालाला बोट लावलं. पंक्तीत चहा नव्हता, म्हणून भगवाननी त्यांच्याकडे बुंदी सरकवली.

निघायची वेळ झाली. वैशालीला ट्रकच्या केबिनमध्ये खिडकीपाशी बसवलं होतं. भगवान खाली उभे राहिले. पोरीच्या निघण्याच्या वेळी बोलायचं म्हणून त्यांच्याकडे पुन्हा काहीच नव्हतं.

"पोचलीस की कळव," ते म्हणाले.

वैशाली खिडकीतून वाकली. "आबा, ती अट त्यांची नव्हती. माझी होती."

भगवाननी खिडकीची कड धरली.

"गॅलरीत ह्यांनी विचारलं, तुला काय पाहिजे. मी म्हटलं, जायच्या आधी एकदा आबांना बोलताना ऐकायचंय. ह्यांनी मामंजींच्या कानात सांगितलं. ते इतके घाबरले, मुलीकडचे बोलले तर मलाही बोलावं लागेल म्हणाले. महिनाभर काट्यावर पाठ करत होते. आणि तुम्ही पोपटमामाचा रथ घेऊन बसलात. मला वाटलं, संपलं."

एवढ्यात वऱ्हाडाने मागून जोर लावला, ट्रक दोन हिसके देऊन सुरू झाला आणि इंजिनाची अशी धडधड उठली की चारी इमारतींची तावदानं वाजू लागली. तो आवाज भगवानच्या ओळखीचा होता. त्यांची छाती मोकळी झाली. ते खिडकीजवळ सरकले आणि बोलू लागले. मोकळ्या गळ्याने, न अडखळता. जमलेल्यांना फक्त त्यांचे ओठ आणि हात दिसत होते. हात कधी छातीशी जात होते, कधी वसाहतीच्या जिन्याकडे, आणि वैशाली त्यांच्याकडे बघत होती आणि बोट गोल फिरवत होती. चालू राहू दे.

तेव्हा डिझेलमध्ये हवा शिरली. इंजिन एकदा खोकलं आणि गप झालं.

"...आनि आईला सांगू नको, काल मी जिन्यात बसून रडलो म्हनून," भगवान गमरे सगळ्या नेरुळला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

भगवाननी सावकाश मागे वळून पाहिलं. त्यांच्या मागेच, लेकीसाठी लाडवांचा डबा घेऊन, गिरजाबाई उभ्या होत्या. पंचवीस वर्षं मशीनवरचं काहीही न कळणाऱ्या गिरजाबाईंनी डबा काखेत धरला, उजवा हात पुढे केला, पंजा पालथा धरला आणि हळूहळू खाली नेला.